अंबरनाथचे शिवालय आणि पाहण्याची रीत



कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल धरली की पहिले स्थानक विठ्ठलवाडी, पुढे उल्हासनगर आणि मग अंबरनाथ. ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडचे कितीतरी माळकरी याच मार्गावर टाळ वाजवीत, हरिपाठ म्हणत कामाला जातात. अंबरनाथ स्थानकापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर, वालधुनी नदीच्या काठी, काळ्या दगडाचे जुने शिवालय आहे. महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते. तुमच्यापैकी अनेकांनी तिथे रांग लावली असेल, बेल वाहिला असेल. पण रांगेतून पुढे सरकताना दोन्ही हातांच्या भिंतींवर काय कोरले आहे, ते किती जणांनी थांबून पाहिले? आज त्या पाहण्याविषयीच चार शब्द सांगायचे आहेत.

कोणी म्हणेल, ‘महाराज, आपला मार्ग नामाचा. दगडाची कारागिरी पाहणे हे विद्वानांचे आणि संग्रहालयवाल्यांचे काम. वारकऱ्याला त्याचे काय?’ शंका रास्त आहे, म्हणून आधी तिचाच विचार करू.

आपल्या भजनाची चाल आठवा. टाळ हातात घेतल्यावर आपण आधी रूपाचा अभंग घेतो. देव कसा उभा आहे, हात कुठे आहेत, कानात काय आहे, गळ्यात काय आहे, हे आधी डोळ्यांपुढे आणतो आणि मग पुढच्या विषयाकडे वळतो. संतांनी रूप गाळून नाम सांगितले नाही. आणि औंढ्या नागनाथाची कथा तर आपण सगळेच सांगतो. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले पाहून नामदेवरायांना राग आला. तेव्हा विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय नेऊन ठेव. या कथेतून पुष्कळ जण एवढेच घेतात की दगडात देव पाहू नये. पण कथेचा रोख वेगळा आहे. देव नाही अशी जागाच सापडली नाही, असा तिचा शेवट आहे. मग देवळाच्या भिंतीने तरी काय पाप केले?

मूर्ती कशी पाहावी याचा पहिला धडा आपल्याला माउलींनीच घालून दिला आहे. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये नेवाशाला सांगितली गेली. तिच्या आरंभी गणेशाचे वर्णन आहे. ते नीट वाचा. माउली गणपतीला नुसता नमस्कार करून पुढे जात नाहीत. एकेका अवयवावर, एकेका दागिन्यावर थांबतात. स्मृती हे त्याचे अवयव, अठरा पुराणे ही रत्नांची भूषणे, काव्य-नाटके ही कमरेची घुंगरे, सहा दर्शने हे सहा हात. हातातला परशू म्हणजे तर्क, अंकुश म्हणजे नीतिभेद, मोदक म्हणजे वेदान्त. सरळ सोंड म्हणजे विवेक. शेवटी अकार, उकार, मकार पाय, पोट आणि मस्तकाला लावून सगळी मूर्ती ओंकारात नेऊन पोचवतात.

यातला क्रम पाहा. आधी वस्तू, मग तिचा अर्थ. परशू दिसला नाही तर तर्क कशाला जोडणार? घुंगरू ऐकू आले नाही तर काव्य कुठून सुचणार? मूर्तीत जे आहे ते पूर्ण पाहिल्याशिवाय अर्थाकडे धावायचे नाही, ही माउलींची शिस्त आहे. हीच शिस्त घेऊन आपण अंबरनाथला जाऊ.

या देवळाच्या उत्तरेकडील दाराच्या वरच्या तुळईवर एक शिलालेख आहे. त्यात शके 982, म्हणजे इसवी सन 1060 हे वर्ष आणि शिलाहार राजा मुम्मुणी याचे नाव आहे. शिलाहारांचे हे घराणे उत्तर कोकणावर राज्य करीत होते आणि ठाणे, त्या वेळचे श्रीस्थानक, ही त्यांची राजधानी होती. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे सख्खे भाऊ एकामागून एक गादीवर आले. देवळाचे काम छित्तराजाच्या काळात सुरू झाले असे मानतात. लोकांत मात्र दुसरी कथा आहे. पांडवांनी हे एका रात्रीत बांधायला घेतले, कोंबडा आरवला आणि काम अर्धे राहिले. कथा गोड आहे, मुलांना जरूर सांगावी. पण शिलालेखही दाखवावा. एक काम इतक्या माणसांच्या छिन्नी-हातोड्यांनी वर्षानुवर्षे केले, ते पांडवांच्या एका रात्रीवर घालून त्या कारागिरांचे श्रेय आपण का पुसावे?

आणखी एक सवय आपल्याला जडली आहे. काळ्या दगडाचे जुने देऊळ दिसले की आपण डोळे मिटून ‘हेमाडपंती’ म्हणतो. आता हिशेब करा. हेमाद्री पंडित हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याच्या आधी दोनशे वर्षे अंबरनाथचे देऊळ उभे होते. म्हणजे शब्द पाठ झाला आणि पाहणे राहून गेले. जाणकार या देवळाच्या शिखराच्या घडणीला ‘भूमिज’ म्हणतात. चार दिशांना खालून वर जाणारे चार पट्टे आणि त्यांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी, वर जाताना लहान होत जाणाऱ्या. तुळशीच्या माळेत मणी ओवावेत तशी ही शिखरे ओवलेली दिसतात. अंबरनाथच्या शिखराचा माथा आज पडलेला आहे, तरी उरलेल्या भागात ही ओवणी स्पष्ट कळते. तिथे गेलात तर मान वर करून ती आधी पाहा.

आता भिंतीकडे या. ही भिंत सपाट नाही. तिला बाहेर आलेले आणि आत गेलेले कोन आहेत, एकामागून एक. असे का केले असेल? आपल्या सह्याद्रीचा हा काळा दगड. संगमरवरासारखा तो उजेडात चमकत नाही, उजेड गिळतो. सपाट भिंत केली असती तर ती दुरून काळी पाटीच दिसली असती. कोन काढल्यामुळे उजेड आणि सावली यांचे उभे पट्टे पडतात. सूर्य सरकतो तसे ते सरकतात. सकाळी जी मूर्ती सावलीत असते ती दुपारनंतर उजेडात येते. कारागिराने दगडाबरोबर उन्हाचाही उपयोग केला आहे. म्हणून माझी विनंती आहे की हे देऊळ एकदा सकाळी आणि एकदा उतरत्या उन्हात पाहावे. देऊळ तेच, पण दोन वेळा वेगळ्या मूर्ती पुढे येतात.

भिंतीवर खालून वर नजर न्या. तळाच्या थरांत हत्ती आहेत. एवढा भार त्यांनी उचलून धरला आहे असे डोळ्याला वाटते. ग्रासमुखांची रांग आहे, बटबटीत डोळ्यांची, खालचा जबडा नसलेली. तिला आपण कीर्तिमुख म्हणतो. पुराणात कथा आहे की शिवाच्या कोपातून एक भुकेला जीव निघाला. खायला काही मिळेना, तेव्हा शिवाने सांगितले, स्वतःलाच खा. त्याने पायापासून सुरुवात केली आणि तोंड तेवढे उरले. शिवाने त्याला आपल्या दाराशी जागा दिली. ही कथा माहीत असली की त्या जबडा नसलेल्या तोंडाचा अर्थ उघडतो. अहंकार खाऊन संपवला की देवाच्या दाराशी जागा मिळते. पण आधी ‘जबडा का नाही?’ हा प्रश्न डोळ्यांना पडला पाहिजे.

वरच्या भागात देवदेवता आहेत. नाचणारा शिव आहे, महिषासुराला मारणारी देवी आहे, ब्रह्मदेव आहे, तीन मुखांचा एक पुरुष आणि त्याच्या मांडीवर बसलेली स्त्री आहे, आणि जागोजागी सुरसुंदरी आहेत. साडेनऊशेहून अधिक पावसाळे या भिंतीने सोसले, त्यामुळे पुष्कळांचे चेहरे झिजले आहेत. नाक नाही, डोळे नाहीत. भाविक म्हणतो, ‘मूर्ती खंडित झाली, आता काय पाहायचे?’ पण थोडे थांबून पाहा. चेहरा गेला तरी भाव गेलेला नाही, कारण आपल्या शिल्पकारांनी भाव चेहऱ्यापेक्षा अंगात जास्त ठेवला.

यासाठी शास्त्रात शब्द आहेत. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन सरळ उभे राहणे म्हणजे समभंग. किंचित कलून उभे राहणे म्हणजे आभंग. मान, कंबर आणि गुडघा अशा तीन ठिकाणी वळण आले की त्रिभंग. नाचताना किंवा लढताना सारे अंग झुकले की अतिभंग. सुरसुंदरी त्रिभंगात आहेत. त्यांच्या कमरेच्या एका वळणात लाडिकपणा येतो, चेहरा लागतच नाही. नाचणारा शिव अतिभंगात आहे. त्याचे हात अनेक आहेत, ते कशाला? एक माणूस नाचताना एका क्षणी एकच हात दाखवील, पण नाच एका क्षणाचा नसतो. पुढचे-मागचे सगळे क्षण एकदम दाखवायचे तर हात वाढवावेच लागतात. वेगाला दगडात दुसरी जागा नाही. देवीच्या मूर्तीत तिच्या अंगाची रेघ तिरपी जाते आणि महिष त्या रेघेखाली दबतो. तिची ताकद त्या तिरप्या रेघेत आहे.

कीर्तनाला उभे राहणाऱ्याला हे पटकन समजेल. पन्नास लोकांच्या मागे बसलेल्या म्हाताऱ्या माउलीला बुवाचे डोळे दिसत नाहीत. तिला बुवाचे उभे राहणे दिसते, हाताचा फेक दिसतो, विनवणी करताना झुकलेले खांदे दिसतात. तेवढ्यावर तिला कळते की आता देव आला आणि आता भक्त रडतो आहे.

बाहेर एवढी गर्दी पाहून झाल्यावर आत चला. पश्चिमेच्या मुख्य दाराने सभामंडपात यावे. इथे कोरीव खांब आहेत आणि वर मधोमध घुमटी छत, एकात एक वर्तुळे लहान होत जाणारे. बाहेरचा उजेड इथे मंद होतो. मग गाभाऱ्याचे दार. आणि इथे या देवळाची सर्वांत मोठी गोष्ट आहे. बहुतेक देवळांत आपण चढून देवाकडे जातो. इथे सुमारे वीस पायऱ्या उतरून खाली जावे लागते. खाली अंधार, भिंती साध्या, मूर्तींची गर्दी संपलेली, आणि जमिनीलगत पिंड. वर पाहावे तर शिखराचा माथा नसल्याने आभाळाचा तुकडा दिसतो.

आता हा सगळा प्रवास एका ओळीत आठवा. बाहेर उजेड आणि हजार रूपे. मंडपात मंद उजेड आणि मोजके खांब. गाभाऱ्यात अंधार आणि एकच. रचनाकाराने एक अक्षर न लिहिता अनेकातून एकाकडे जाण्याचा सिद्धान्त चालवून दाखवला आहे. आपणही निरूपणात तेच करतो. दृष्टान्त बाहेर मांडतो, एकेक गाळत आत येतो आणि शेवटी नामावर थांबतो. दृष्टान्तच मांडले नाहीत तर श्रोता आत येत नाही, आणि दृष्टान्तातच रमलो तर देव भेटत नाही. आणि उतरताना आपली मान आपोआप खाली जाते. नम्र व्हा असा उपदेश तिथे कोणी करीत नाही, पायऱ्याच ते करवून घेतात.

एक इतिहास इथेच सांगून टाकतो. 1854 मध्ये रेल्वे कल्याणपर्यंत आली. त्यानंतर पुढच्या पंधरा वर्षांत या देवळाकडे इंग्रज सरकारचे लक्ष गेले. 1868 मध्ये मुंबईच्या कलाशाळेतले टेरी नावाचे शिक्षक आणि त्यांचे विद्यार्थी इथे आले. त्यांनी भिंतींवरच्या शिल्पांचे साचे घेतले, चित्रे काढली. कसे उभे, किती रुंद, कुठे कोन, हे मापून लिहिले. पुढे त्याचे वर्णन छापून आले. त्यांना इथे पूजा करायची नव्हती, पण पाहणे त्यांनी मनापासून केले. पूजा करणारे आपण मात्र तेवढे पाहिले नाही. दोन्ही एकत्र का होऊ नये?

आता प्रश्न उरतो तो आपल्या गावातल्या दगडांचा. अंबरनाथचे देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. पण ठाणे जिल्ह्याच्या गावागावांत, वेशीवर, तळ्याकाठी, देवळाच्या पारावर सुटे कोरीव दगड पडून असतात. त्यांतले पुष्कळ वीरगळ असतात. वीरगळ खालून वर वाचायचा असतो, पोथीसारखा वरून खाली नाही. तळाच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, त्यावर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्याच्यावर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर आणि माथ्यावर कलश, सूर्य, चंद्र. जोवर सूर्य-चंद्र आहेत तोवर याची आठवण राहो, असे तो दगड म्हणतो. बोरिवलीजवळ एकसर इथले वीरगळ प्रसिद्ध आहेत. पूर्वी ही भूमीही ठाणे जिल्ह्यातच होती. तिथल्या काही दगडांवर वल्हवणाऱ्या नावांच्या रांगा आहेत, समुद्रावरची लढाई आहे. शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर यादव महादेवाशी लढताना समुद्रात बुडाला. त्याच लढाईचे हे दगड असावेत असे अभ्यासक मानतात. त्या महादेवानंतर थोड्याच काळात रामचंद्र यादव गादीवर आला आणि त्याच्याच राज्यात माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली. म्हणजे हे दगड आणि आपली पोथी एकाच काळाची लेकरे आहेत.

एका सप्ताहाच्या निमित्ताने कल्याणच्या बाजूच्या एका गावी गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. देवळाचा जीर्णोद्धार नुकताच झाला होता. चकचकीत फरशी, रंगीत दिवे, सगळे झकास. बाहेर नळाजवळ पाय धुवायला एक दगड टाकला होता. कडेला कोरीव कलशाचा आकार दिसला म्हणून दोन तरुणांना तो उलटायला सांगितला. खाली वीर होता, हात जोडून शिवासमोर बसलेला. गावकरी वाईट नव्हते. त्यांना तो दगड वाचता येत नव्हता, एवढेच. आमचे आजोबा पोथीचे फाटके पानही पायाखाली येऊ देत नसत. हा दगड पान आहे हे कळले असते तर तिथे कोणीही पाय ठेवला नसता. त्याच दिवशी तरुणांनी तो धुऊन पाराच्या भिंतीला टेकवून उभा केला.

जी गोष्ट वीरगळाची, तीच जुन्या मूर्तींची. झिजली म्हणून तळ्यात सोडतात, शेंदराचे थर देतात, ऑइलपेंट फासतात. शेंदराखाली हात, आयुधे, उभे राहणे, सगळे बुजते. मग तो गणपती की भैरव, हेही पुढच्या पिढीला कळत नाही. म्हणून हात जोडून सांगतो. गावात असा दगड निघाला तर तो हलवू नका, रंगवू नका, विसर्जन करू नका. फोटो काढा, कुठे कसा सापडला ते लिहून ठेवा, तहसीलदारांना आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. ही एका अर्थी पोथीचीच राखण आहे.

शेवटी आपल्या पांडुरंगाकडे येऊ. अंबरनाथच्या भिंतीवर इतकी वळणे पाहिल्यावर पंढरीची मूर्ती डोळ्यांपुढे आणा. विटेवर दोन्ही पाय सारखे. कुठे वळण नाही, कुठे तिरपी रेघ नाही. हात कमरेवर, एका हातात शंख, दुसऱ्यात कमळाचा देठ. चक्र नाही, गदा नाही, मारण्याचे काहीच नाही. कानात मकराकार कुंडले, छातीवर कौस्तुभ, आणि मस्तकावर शिवलिंग आहे असे आपण परंपरेने मानतो. नाचणारा शिव क्षणाक्षणाला हलतो, हा थांबला आहे. शिल्पशास्त्राच्या शब्दांत हा समभंग. पुंडलिकाने थांब म्हटले आणि देव थांबला, ही सगळी कथा त्या दोन सरळ पायांत आणि कमरेवरच्या हातांत आहे. वाट पाहणारा माणूस असाच उभा राहतो, नाही का? कथा आपल्याला पाठ होती, पण अंबरनाथचा अतिभंग पाहिल्यावर या समभंगाचे मोल अधिक कळते.

आणि जो शिव अंबरनाथच्या गाभाऱ्यात खाली अंधारात आहे तोच पंढरीत देवाच्या माथ्यावर आहे. एकादशी आणि सोमवार हे दोन्ही धरणाऱ्या वारकऱ्याला हरिहरांचे ऐक्य कोणी वेगळे समजावून सांगायला नको.

येत्या श्रावणात एखाद्या सोमवारी सवड काढा. कल्याणहून गाडी धरा, मुलानातवंडांना बरोबर घ्या. दर्शनाला जाण्याआधी अर्धा तास देवळाभोवती सावकाश फिरा. मुलांना विचारा, हा कसा उभा आहे? हातात काय आहे? हा हत्ती इथेच का? त्यांना उत्तर लगेच देऊ नका. पाहू द्या. मग पायऱ्या उतरा.

रामकृष्णहरी.